नॉइज काढायचा, पण शिखर बसू द्यायचं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. विस्थापन मोजणाऱ्या सेन्सरमधून सेकंदाला १००० नमुने येतात आणि त्यांतून वेग काढायचा आहे. कच्चा डेटा थरथरतो म्हणून ५१ बिंदूंचा मूव्हिंग ॲव्हरेज (प्रत्येक बिंदूऐवजी लागोपाठच्या ५१ बिंदूंची सरासरी) लावला. आलेख दिसायला छान झाला, पण शिखरं खाली बसली, सगळं उशिरा सरकलं आणि वेगाचा आलेख तरीही काटेरीच राहिला. मग सगळ्यात चांगला फिल्टर कोणता?

सगळ्यात चांगला फिल्टर असा नसतो. हे मी प्रश्न टाळायला म्हणत नाही. सिग्नल आणि नॉइज यांच्यात काहीतरी फरक असतो, तो पकडून दोघांना वेगळं करणं एवढंच कुठल्याही फिल्टरला जमतं. फरक वारंवारतेचा असेल तर लो-पास (कमी वारंवारताच जाऊ देणारा) किंवा नॉच (एकच वारंवारता कापणारा) चालतो. नॉइज म्हणजे मधूनच उसळणारे एकटे काटे असतील तर मीडियन, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत. सिग्नल पुन्हा पुन्हा तसाच येत असेल आणि नॉइज दरवेळी वेगळा असेल, तर सरासरी. सिग्नल कोणत्या नियमाने हलतो हे माहीत असेल तर त्या नियमाचा अंदाज आणि मापन यांचा मेळ घालणारा काल्मन. आणि दोघांत कसलाच फरक नसेल तर कोणताही फिल्टर कामाचा नाही, मग सेन्सर किंवा वायरिंग बदला. तुमच्या प्रश्नात फिल्टरचं नाव आहे, पण नॉइज कसला आहे याबद्दल एक अक्षर नाही. सुरुवात तिथून करावी लागेल.

यंत्रणा जागच्या जागी लॉक करा आणि मिनिटभराची नोंद घ्या. मोटरचा पुरवठा मात्र चालू ठेवा. बरेच जण सगळं बंद करून नोंद घेतात आणि ड्राइव्हमधून (मोटरला वीज पुरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्समधून) येणारा नॉइज त्यात येतच नाही. या नोंदीत सिग्नल शून्य आहे, म्हणजे जे काही दिसतं ते सगळं नॉइज. तिचं प्रमाण विचलन काढा, हिस्टोग्राम काढा आणि पॉवर स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेला किती ताकद आहे तो आलेख) काढा. स्पेक्ट्रमसाठी एकच लांबलचक एफएफटी (नमुन्यांतून वारंवारता काढणारं गणित) नको. १९६७ची वेल्चची पद्धत घ्या, म्हणजे नोंदीचे एकमेकांवर चढणारे तुकडे करून त्यांच्या स्पेक्ट्रमची सरासरी. सायपाय (पायथनची लायब्ररी) आणि मॅटलॅब दोन्हींत ती तयार आहे.

हिस्टोग्राम घंटेसारखा आला तर तो साधा इलेक्ट्रॉनिक नॉइज. दोन-तीनच खांब दिसले तर नॉइज कन्व्हर्टरच्या (सेन्सरच्या व्होल्टेजचे आकडे करणाऱ्या भागाच्या) एका पायरीएवढाच आहे. अशा वेळी सरासरीने बारकावे वाढतील असं गृहीत धरू नका. थोडा नॉइज असला की वाचन वरच्या-खालच्या पायरीवर उड्या मारतं, म्हणून सरासरीत पायरीच्या आतली किंमत मिळते. नॉइजच नसेल तर हजार वेळा तोच आकडा येईल आणि सरासरीही तोच. (म्हणूनच काही मापन यंत्रांत मुद्दाम थोडा नॉइज मिसळतात.) हिस्टोग्रामला दोन्हीकडे लांब शेपट्या असतील तर काटे आहेत. स्पेक्ट्रम सपाट असेल तर व्हाइट नॉइज. कमी वारंवारतेकडे चढत गेला तर वन-बाय-एफ नॉइज किंवा तापमानाचा ड्रिफ्ट (वाचन हळूहळू सरकत जाणं). बारीक उभ्या रेषा दिसल्या तर वीजपुरवठा, पंखा, ड्राइव्ह यांपैकी कोणीतरी.

आता एक गोष्ट जी सॉफ्टवेअरने कधीच सुटत नाही. सेकंदाला १००० नमुने घेता, म्हणजे ५०० हर्ट्‌झच्या वरचं जे काही कन्व्हर्टरपर्यंत पोहोचेल ते दुमडून खाली येतं. ड्राइव्हचा १०,०२० हर्ट्‌झचा नॉइज तुमच्या डेटात २० हर्ट्‌झ म्हणून येईल, अगदी खऱ्या हालचालीसारखा. एकदा तो आत शिरला की त्या २० हर्ट्‌झचं मूळ काय, हे कुठलाही फिल्टर सांगू शकत नाही. उपाय कन्व्हर्टरच्या अलीकडेच करावा लागतो. १.६ किलो-ओहमचा रेझिस्टर आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांनी सुमारे १०० हर्ट्‌झचा लो-पास होतो, आणि १० किलोहर्ट्‌झचा नॉइज तेवढ्यानेच शंभरपट खाली जातो. त्याहून चांगलं म्हणजे कन्व्हर्टर वेगाने चालवायचा, समजा सेकंदाला १६,००० नमुने, मग डिजिटल लो-पास लावून १००० वर उतरायचं. नॉइज व्हाइट असेल तर सोळा नमुन्यांच्या सरासरीत तो चौथा हिस्सा उरतो, म्हणजे दोन बिट फुकटात. स्वतःची चाचणी करायची असेल तर सॅम्पलिंगचा दर थोडा बदलून पाहा. स्पेक्ट्रममधली रेषा जागची हलली तर ती दुमडून आलेली आहे. खरी हालचाल दर बदलल्याने सरकत नाही.

५० हर्ट्‌झची रेषा दिसली तरी लगेच नॉच फिल्टरकडे धावू नका. आधी वायर बघा. सिग्नलच्या दोन तारा पिळलेल्या हव्यात, इनपुट डिफरन्शियल (दोन तारांमधला फरक वाचणारा) हवा. कमी वारंवारतेच्या कामात शील्ड सहसा एकाच टोकाला जमिनीशी जोडतात, कारण दोन्ही टोकं जोडली की दोन ठिकाणच्या जमिनींतल्या व्होल्टेजच्या फरकाने शील्डमधून प्रवाह वाहू शकतो. अंतर लांब असेल तर ४-२० मिलिअँपिअरचा करंट सिग्नल बरा. एवढं करूनही रेषा उरलीच तर नॉच. त्याची किंमतही लक्षात ठेवा: नॉच जितका अरुंद, तितका झटक्यानंतर तो जास्त वेळ घणघणतो, आणि वीजपुरवठ्याची वारंवारता जराशी सरकली की रेषा निसटते. ज्या मूव्हिंग ॲव्हरेजवर तुम्ही वैतागला आहात, त्याचा उत्तम उपयोग नेमका इथे आहे. तुमच्या दराने २० बिंदूंची सरासरी म्हणजे बरोबर २० मिलिसेकंद, विजेचं एक पूर्ण आवर्तन. ५०, १००, १५० हर्ट्‌झ सगळे एका झटक्यात शून्य. काही अचूक व्होल्टमीटर १०० मिलिसेकंद मोजतात तेही याच हिशेबाने: त्यात ५० हर्ट्‌झची पाच आणि ६० हर्ट्‌झची सहा आवर्तनं पूर्ण बसतात.

काटे असतील तर ते इतर कुठल्याही फिल्टरच्या आधी काढायचे. हा क्रम चुकला की पुढचं सगळं बिघडतं. १०० मिलिमीटरचा एक खोटा काटा ५१ बिंदूंच्या सरासरीतून गेला की जात नाही, तो ५१ मिलिसेकंद रुंद आणि जवळजवळ २ मिलिमीटर उंच असा चौथरा होतो. काटा निदान ओळखू येत होता, चौथरा खऱ्या हालचालीसारखा दिसतो. पाच किंवा सात बिंदूंचा मीडियन पुरतो, पण तो सगळ्याच बिंदूंना हात लावतो. म्हणून मला हँपेल जास्त आवडतो. खिडकीचा मीडियन काढायचा, मीडियनपासूनच्या निरपेक्ष अंतरांचा पुन्हा मीडियन काढायचा, त्याला १.४८२६ ने गुणायचं म्हणजे प्रमाण विचलनाचा भक्कम अंदाज मिळतो, आणि जो बिंदू त्याच्या तिपटीपलीकडे असेल तेवढाच बदलायचा. किती बिंदू बदलले हेही मोजा. संख्या मोठी असेल तर सेन्सरचा कनेक्टर तपासा.

आता मूळ दुखण्याकडे. शिखर का बसलं ते आकड्यांत बघू. समजा हालचालीचं शिखर घंटेच्या आकाराचं आहे आणि अर्ध्या उंचीवर ४० मिलिसेकंद रुंद आहे. ५१ मिलिसेकंदांची सपाट सरासरी त्यावर फिरवली की त्याची उंची सुमारे ७२ टक्के उरते. व्हाइट नॉइज मात्र सातपट कमी होतो (५१ चं वर्गमूळ), म्हणून आलेख देखणा दिसतो. शिवाय मूव्हिंग ॲव्हरेज वारंवारतेच्या बाबतीत ओबडधोबड आहे. तुमच्या बाबतीत १९.६ हर्ट्‌झला तो शून्य होतो, पण २८ हर्ट्‌झच्या आसपासचं सुमारे २२ टक्के परत आत येऊ देतो, तेही उलटं करून, म्हणजे जिथे शिखर तिथे दरी. उशीर तर उघडच आहे: प्रत्येक वेळी मागचे ५१ बिंदू घेत असाल तर २५ मिलिसेकंद. रेकॉर्ड केलेल्या डेटावर खिडकी मध्यभागी धरली की तो उशीर नाहीसा होतो, बसलेलं शिखर मात्र तसंच राहतं.

इथे सावित्स्की-गोले बघा. अब्राहम सावित्स्की आणि मार्सेल गोले यांनी १९६४ मध्ये रासायनिक स्पेक्ट्रमसाठी ही पद्धत मांडली. (त्या लेखातल्या कोष्टकांत चुका होत्या, त्या १९७२ मध्ये दुरुस्त झाल्या. आज कोष्टक कोणी उघडत नाही, गुणक संगणक काढतो.) खिडकीतल्या बिंदूंची सपाट सरासरी घेण्याऐवजी त्यांतून लीस्ट स्क्वेअर्सने एक बहुपदी बसवायची आणि तिची मधली किंमत घ्यायची. तेच शिखर, तेच ५१ बिंदू, बहुपदी दुसऱ्या घाताची: उंची ९६ टक्के टिकते. नॉइज सातपटीऐवजी पावणेपाच पट कमी होतो. शिखराच्या २८ टक्क्यांऐवजी ४ टक्के गमावून एवढी किंमत मोजणं मला केव्हाही परवडतं. दुसऱ्या घाताऐवजी तिसरा घेतला तर मधली किंमत अगदी तीच येते, त्यामुळे या दोघांत निवड करत बसू नका.

वेगासाठी मात्र घाताने फरक पडतो. आधी बघा की वेगाचा आलेख काटेरी का होतो. समजा सेन्सरचा नॉइज ०.०१ मिलिमीटर आहे. लागोपाठच्या दोन बिंदूंची वजाबाकी करून ती ०.००१ सेकंदाने भागली की वेगातला नॉइज सेकंदाला १४ मिलिमीटर होतो. विस्थापनाच्या आलेखात डोळ्याला न दिसणारी थरथर वेगात सगळं बुडवून टाकते, कारण अवकलन वारंवारतेच्या प्रमाणात सगळं मोठं करतं. सावित्स्की-गोले अवकलनही थेट देतो: बसवलेल्या बहुपदीचाच उतार घ्यायचा. ५१ बिंदू आणि दुसरा घात घेतला तर वेगातला नॉइज सेकंदाला सुमारे ०.१ मिलिमीटर. तिसरा घात घेतला तर त्याच्या अडीचपट, पण वेगाचे झपाट्याने होणारे बदल जास्त खरे उतरतात. आधी गुळगुळीत करून मग वजाबाकी करण्याची गरजच नाही. हे आकडे नॉइज व्हाइट आहे असं धरून आहेत, म्हणून तर वर स्पेक्ट्रम काढायला सांगितला.

या पद्धतीची दोन दुखणी आहेत. उंच वारंवारतेचा नॉइज ती पूर्ण दाबत नाही, थोडा थोडा झिरपत राहतो. आणि नोंदीच्या टोकांना ती दुबळी पडते. दुसऱ्या घाताच्या बहुपदीची किंमत मध्याऐवजी खिडकीच्या शेवटच्या बिंदूवर घेतली तर तिथे नॉइज जवळजवळ दुप्पट असतो, आणि उतारात जवळजवळ चौपट. सुरुवातीचे आणि शेवटचे २५ बिंदू निष्कर्षासाठी वापरू नका. नोंदच थोडी आधी सुरू करा आणि थोडी उशिरा थांबवा.

सिग्नलची पट्टी कुठे संपते हे स्पेक्ट्रममध्ये स्वच्छ दिसत असेल, तर बटरवर्थ लो-पासही तितकाच योग्य. रेकॉर्ड केलेल्या डेटावर तो एकदा पुढून आणि एकदा मागून चालवायचा, म्हणजे उशीर शून्य होतो. सायपायमध्ये यासाठी फिल्टफिल्ट आहे, आणि ऑर्डर (कापण्याची धार) वाढवणार असाल तर त्याचंच सेकंड-ऑर्डर तुकड्यांचं रूप वापरा, नाहीतर कमी कटऑफला (जिथून फिल्टर कापू लागतो त्या वारंवारतेला) आकडेमोड डळमळते. एक गोष्ट बरेचदा निसटते: दोनदा गाळल्यामुळे कटऑफला घट ३ ऐवजी ६ डेसिबल होते, म्हणजे अहवालात लिहिलेला कटऑफ आणि प्रत्यक्षातला कटऑफ वेगळे पडतात. आणि मागून चालवलेला फिल्टर घटना घडायच्या आधीच हालचाल दाखवू शकतो. धक्का नेमका कधी बसला हे शोधायचं असेल तर हे घातक आहे.

काल्मनबद्दल विचारणारे पुष्कळ असतात, जणू ते नाव घेतलं की डेटा आपोआप शहाणा होतो. रुडॉल्फ काल्मनचा १९६० चा शोध खरोखर मोठा आहे, अपोलो यानांच्या दिशादर्शनात तो वापरला गेला. पण त्याची ताकद मॉडेलमध्ये आहे. वस्तू कशी हलते याचं समीकरण तुमच्याकडे असेल, सेन्सर एकाहून जास्त असतील, नमुने अनियमित येत असतील, तर त्याला तोड नाही. एकच सेन्सर, एकच संख्या आणि "किंमत हळूहळू कशीही बदलते" एवढंच मॉडेल असेल, तर काही वेळाने काल्मनचा गेन (नव्या मापनाला दिलेलं वजन) स्थिर होतो आणि उरतो तो साधा एक्स्पोनेन्शियल फिल्टर: जुन्या अंदाजात नव्या फरकाचा ठरावीक अंश मिळवायचा. तीन ओळींचं काम. मॅट्रिक्स लिहून ते बदलत नाही.

वेव्हलेट पद्धत (सिग्नल छोट्या लहरींत फोडून उंबरठ्याखालच्या लहरी पुसणारी) मी ठरावीक प्रसंगीच काढतो: शांत पट्टी, मध्येच तीव्र झटका, पुन्हा शांत. असा सिग्नल लो-पासला सोसत नाही, कारण झटक्याची धार उंच वारंवारतेतच असते. डॉनोहो आणि जॉनस्टन यांनी १९९४ मध्ये दिलेला उंबरठा, म्हणजे नॉइजचं प्रमाण विचलन गुणिले दोन लॉग एन चं वर्गमूळ (लॉग नैसर्गिक, एन म्हणजे नमुन्यांची संख्या), सुरुवातीला ठीक आहे, पण तो कडक आहे. लहान खऱ्या लहरी तो बिनदिक्कत पुसतो.

तुमची हालचाल पुन्हा पुन्हा तशीच होत असेल, मोटरच्या प्रत्येक फेरीला किंवा प्रत्येक स्ट्रोकला, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि ट्रिगर लावून आवर्तनांची सरासरी घ्या. शंभर आवर्तनांत यादृच्छिक नॉइज दहापट कमी होतो आणि शिखराला धक्का लागत नाही, कारण आपण काळात नाही, आवर्तनांच्या आरपार सरासरी घेतो आहोत. अट एवढीच की ट्रिगर नेमका हवा. तो मागेपुढे झाला तर शिखर पुन्हा पसरतं. लक्षात घ्या, हे वर्गमुळाचं गणित ड्रिफ्टला लागू नाही. वन-बाय-एफ नॉइज असेल तर एका मर्यादेनंतर सरासरी लांबवून फायदा थांबतो आणि ड्रिफ्टमुळे उलट तोटा सुरू होतो. ती मर्यादा अ‍ॅलन व्हेरिअन्सच्या (सरासरीच्या लांबीनुसार मापन किती डळमळतं ते दाखवणाऱ्या) आलेखात तळ म्हणून दिसते. त्यापलीकडे जायचं तर सिग्नललाच कमी वारंवारतेतून उचलून वर न्यावं लागतं: सेन्सरला डीसीऐवजी काही किलोहर्ट्‌झच्या एसीने उत्तेजन द्यायचं आणि लॉक-इनने (ठरावीक वारंवारताच वाचणाऱ्या उपकरणाने) तीच वारंवारता वाचायची. एलव्हीडीटी (ट्रान्सफॉर्मरच्या तत्त्वावर विस्थापन मोजणारा) सेन्सर असेल तर त्याला एसी उत्तेजन असतंच, तेव्हा तुमच्याकडे हे आधीच होत असेल.

कुठलाही फिल्टर निवडलात तरी त्याची तपासणी आलेखाच्या देखणेपणावरून करू नका. गुळगुळीत रेघ फसवी असते. १९२७ मध्ये युजेन स्लुट्स्की यांनी दाखवलं की निव्वळ यादृच्छिक आकड्यांवर सरासऱ्या फिरवल्या तर त्यांतून चढउतारांच्या लहरी तयार होतात, अगदी खऱ्या आवर्तनांसारख्या दिसणाऱ्या. म्हणजे तुमच्या फिल्टर केलेल्या आलेखात दिसणारी मंद लहर फिल्टरनेच तयार केलेली असू शकते. लॉक केलेल्या यंत्रणेची जी नोंद घेतलीत, तिच्यावर तोच फिल्टर चालवा. तिथेही तशीच लहर आली तर तिच्यावरून कसलाही निष्कर्ष काढू नका.

दुसरी तपासणी: कच्च्या डेटातून फिल्टर केलेला डेटा वजा करा आणि उरलेलं बघा. उरलेल्यात फक्त नॉइज असायला हवा, त्याचं प्रमाण विचलन लॉक केलेल्या नोंदीएवढं हवं. प्रत्येक शिखराच्या जागी उरलेल्यात एक उंचवटा दिसत असेल तर फिल्टर सिग्नल खातो आहे, खिडकी लहान करा. तुमच्या ५१ बिंदूंच्या सरासरीवर हे करून बघाच.

तिसरी मला सगळ्यात जास्त विश्वासाची वाटते. हव्या त्या आकाराचं, माहीत असलेल्या उंचीचं कृत्रिम शिखर तयार करा आणि ते लॉक केलेल्या नोंदीत मिसळा. आता खरं उत्तर तुम्हाला माहीत आहे आणि नॉइज तुमचाच खरा आहे. फिल्टर चालवा, उंचीत किती चूक आली ते मोजा, खिडकी ११ पासून १०१ पर्यंत बदलत जा. लहान खिडकीत नॉइजमुळे चूक, मोठीत शिखर बसल्यामुळे चूक, आणि मध्ये कुठेतरी एकूण चूक सगळ्यात कमी. ती खिडकी तुमची. हे फक्त उंचीसाठी करू नका, वेगाच्या कमाल किमतीसाठीही करा. बहुधा दोघांची उत्तरं वेगळी येतील, आणि मग विस्थापनासाठी एक व वेगासाठी दुसरी खिडकी वापरण्यात काहीच गैर नाही. कच्चा डेटा मात्र जसाच्या तसा ठेवा आणि अहवालात फिल्टरचं नाव, खिडकी, घात, कटऑफ लिहा.

हे सगळं रेकॉर्ड केलेल्या डेटाचं झालं. हाच वेग चालू यंत्राच्या कंट्रोल लूपमध्ये (मोजून लगेच यंत्राला दुरुस्त करणाऱ्या साखळीत) लागणार असेल तर भविष्यातले बिंदू उपलब्ध नसतात, म्हणून मधली खिडकी नाही, मागून गाळणं नाही. तिथे उशीर हाच खरा शत्रू. २५ मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे १० हर्ट्‌झला ९० अंशांचा फेज फरक, आणि एवढ्यात बऱ्याच लूप डोलायला लागतात. पहिल्या ऑर्डरचा एक्स्पोनेन्शियल फिल्टर लावून कालस्थिरांक लूपला सोसेल तेवढाच ठेवता येतो, किंवा अल्फा-बीटा फिल्टर, जो स्थान आणि वेग दोन्हींचा अंदाज बरोबर घेऊन चालतो. पण नॉइज आणि उशीर यांची ओढाताण तिथे सुटत नाही. एक कमी केला की दुसरा वाढतो. अशा वेळी मी फिल्टर घोटत बसत नाही, त्याच भागावर एक ॲक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारा सेन्सर) बसवतो. त्याच्या वाचनाचं संकलन करून मिळणारा वेग झटपट आणि स्वच्छ असतो पण काही सेकंदांत वाहवत जातो. विस्थापनाच्या सेन्सरचा वेग काटेरी असतो पण वाहवत नाही. कॉम्प्लिमेंटरी फिल्टरने पहिल्याचा वेगवान भाग आणि दुसऱ्याचा संथ भाग जोडायचा. सुरुवात म्हणून जोड ०.५ ते १ हर्ट्‌झच्या दरम्यान ठेवा आणि मग वरच्या कृत्रिम शिखराच्या चाचणीने ती सरकवत न्या.